पहिल्या दिवशी आपण काय विकत घेतो?

दिल्लीत साकेतच्या मॉलबाहेर १९ सप्टेंबर २०२५च्या पहाटे लागलेली रांग त्या दिवशी बहुतेक सगळ्या वृत्तवाहिन्यांवर दिसत होती. आयफोन १७ची विक्री सकाळी सुरू व्हायची होती आणि अनेक जण आदल्या रात्रीच येऊन थांबले होते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील दुकानाबाहेर तर रांगेतच धक्काबुक्की झाली आणि सुरक्षारक्षकांना मध्ये पडावे लागले. त्याच महिन्याच्या आरंभी पुण्यात कोरेगाव पार्कलाही या कंपनीने स्वतःचे दुकान उघडले आहे; त्यामुळे अशी रांग पाहण्यासाठी पुणेकरांना यापुढे मुंबईला जावे लागणार नाही. रांगेतल्या तरुणांची टवाळी करण्याचा मोह अशा वेळी स्तंभलेखकांना आवरत नाही. मला तो टाळायचा आहे, कारण त्याच संध्याकाळी गुरुग्राममध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला. त्याने विचारले, ‘मामा, घेऊन टाकू का? हप्ते परवडतील.’

आयुष्यभर राजकारणावर लिहिणाऱ्या माणसाला विचारावा असा हा प्रश्न नव्हे. माझ्या खिशातला फोन पाच वर्षांचा आहे आणि त्यातील निम्म्या सोयी कशासाठी आहेत, हे मला ठाऊक नाही. तरीही उत्तर देण्यासाठी मी दोन दिवस मागून घेतले. विचार करू लागलो तेव्हा लक्षात आले, की हा प्रश्न माझ्या कामाच्या परिघाबाहेरचा नाही. नव्या वस्तूच्या विक्रीच्या पहिल्या दिवशी आपण केवळ वस्तू विकत घेत नाही. आपण एक वचन विकत घेतो आणि ते पाळले जाईल या भरवशावर पैसे आधी मोजतो. वचने कशी दिली जातात, त्यांना कोण जामीन राहते आणि ती मोडल्यावर कोण हात झटकते, हे पाहण्यातच तर दिल्लीतल्या पत्रकाराची हयात जाते.

आधी साधा हिशेब

भाच्यापुढे मांडलेला हिशेब वाचकांपुढेही मांडतो. आयफोनच्या १३, १४, १५ आणि १६ या चारही पिढ्यांचा मूळ नमुना भारतात ७९,९०० रुपयांना बाजारात आला. प्रत्येक वेळी पुढची पिढी येताच कंपनीने स्वतःच त्याची किंमत दहा हजार रुपयांनी उतरवली. म्हणजे वर्षभर आधी फोन हाती घेण्याची किंमत साधारण दहा हजार रुपये, दिवसाला सत्तावीस रुपयांहून थोडी अधिक. सणासुदीच्या ऑनलाइन विक्रीतील सवलती आणि बँकांच्या योजना धरल्या तर हा फरक आणखी वाढतो. ज्याला परवडते, त्याने दिवसाला सत्तावीस रुपयांची हौस करावी. त्यात पाप नाही. पण ती हौस आहे, गुंतवणूक नाही, हे स्वतःशी कबूल करावे.

हप्त्यांचे म्हणाल तर ‘शून्य टक्के व्याज’ असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज कधी प्रक्रिया शुल्कात दडलेले असते, तर कधी न मिळालेल्या रोख सवलतीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू आणि सेवा कराचे नवे दर लागू झाले. दूरचित्रवाणी संच आणि वातानुकूलन यंत्रे २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आली, पण मोबाइल फोन होता तेथेच, १८ टक्क्यांवर राहिला. एप्रिल २०२० पूर्वी हा दर १२ टक्के होता. २०२५ मध्ये बाजारात आला तेव्हा आयफोन १७च्या सर्वांत स्वस्त नमुन्याची किंमत ८२,९०० रुपये होती. दिल्लीत अकुशल कामगाराचे किमान वेतन तेव्हा दरमहा १८,४५६ रुपये ठरलेले होते. म्हणजे मॉलच्या दारात उभ्या असलेल्या कामगाराला किमान वेतन मिळत असेल, तर ही त्याची साडेचार महिन्यांची कमाई झाली.

दुसऱ्या बाजूचा मुद्दाही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. वाट पाहणे प्रत्येक वेळी शहाणपणाचे नसते. अनेक कंपन्या आता सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे पुरवणार हे सांगतात. काही कंपन्यांनी आपल्या महागड्या फोनसाठी ही मुदत सात वर्षांवर नेली आहे. पण ती बहुधा फोन बाजारात आल्यापासून मोजली जाते, तुम्ही तो विकत घेतल्यापासून नव्हे. दोन वर्षांनी स्वस्तात घेतलेल्या फोनचे दोन वर्षांचे आयुष्य आधीच सरलेले असते. ज्याचा जुना फोन खरोखर निकामी झाला आहे, त्याला थांबण्याचा उपदेश करणे हा निव्वळ आगाऊपणा आहे.

न आलेल्या गोष्टींचे मूल्य

हिशेब इथे संपला असता, तर मी या विषयावर लेख लिहिला नसता. खरी अडचण आहे ती पेटीत नसलेल्या, पण जाहिरातीत असलेल्या गोष्टींची.

फेब्रुवारी २०२० पासून भारतात ‘५जी’ म्हणून फोन विकले जाऊ लागले. पंतप्रधानांनी दिल्लीत ५जी सेवेचा प्रारंभ केला तो १ ऑक्टोबर २०२२ रोजी. मधल्या अडीच वर्षांत लक्षावधी ग्राहकांनी अशा एका सोयीसाठी जादा पैसे मोजले, जिच्या रेडिओ लहरींचा लिलावही तेव्हा झालेला नव्हता. सेवा सुरू झाल्यावरही अनेक फोन सॉफ्टवेअरच्या सुधारणेची वाट पाहत राहिले. आयफोनधारकांना ती डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी मोबाइलच्या आगाऊ नोंदणीसाठीच करून ठेवली असावी.

आयफोन १६ कृत्रिम बुद्धिमत्तेचा फोन म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये विकला गेला. त्या बुद्धिमत्तेचा पहिला हप्ता अमेरिकेत ऑक्टोबरअखेर आला, भारतीय इंग्रजीसाठीची सोय एप्रिल २०२५ उजाडता उजाडता आली आणि ज्या सुधारलेल्या ‘सिरी’च्या जाहिराती झळकल्या होत्या, तिला उशीर लागेल असे कंपनीने मार्च २०२५ मध्ये जाहीर केले. फोन वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याच्यासाठी तो पहिल्या दिवशी घ्यावा असे सांगितले गेले, ते पहिल्या दिवशी त्यात नव्हते.

आणि कधी कधी उशीर ग्राहकाला वाचवतो. सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ हा फोन भारतात ५९,९०० रुपयांना २ सप्टेंबर २०१६ पासून मिळणार होता. बॅटरी पेट घेत असल्याच्या तक्रारी परदेशांतून आल्याने नेमकी त्याच दिवशी जगभरची विक्री थांबवण्यात आली. आठवडाभरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानात तो फोन वापरण्यास मनाई केली आणि ऑक्टोबरमध्ये त्याचे उत्पादनच बंद झाले. परदेशांत ज्यांनी घाईने तो घेतला, त्यांचे फोन परत मागवावे लागले; भारतात आगाऊ नोंदणी केलेल्यांना मात्र फोन न मिळाल्याचे दुःख काही आठवड्यांत आनंदात बदलले असेल. मीही एकदा अशीच घाई केली होती. पहिल्याच आठवड्यात घेतलेला तो फोन दिल्लीच्या मे महिन्यात कानाला लावता येत नसे, इतका तापायचा. तीन महिन्यांनी आलेल्या सुधारणेने तो बरा झाला. तोवर त्याची किंमत मात्र उतरली होती. पैसे भरून मी कंपनीसाठी चाचणीचे काम केले होते, एवढाच त्याचा अर्थ.

दोनशे एकावन्न रुपयांचे वचन

नामवंत कंपन्यांच्या बाबतीत वचन उशिरा पाळले जाते, क्वचित अर्धे पाळले जाते. पण ज्यांना ऐंशी हजारांचा विचारही करता येत नाही, अशांना दिलेल्या वचनाचे काय होते, हे पाहायचे असेल तर साकेतहून यमुना ओलांडून नोएडाला जावे लागेल.

१७ फेब्रुवारी २०१६ रोजी दिल्लीत एका फोनचे अनावरण झाले. नोएडाच्या सेक्टर ६३ मध्ये कार्यालय असलेल्या रिंगिंग बेल्स नावाच्या, तोवर फारशा कोणाला माहीत नसलेल्या कंपनीचा हा ‘फ्रीडम २५१’. किंमत २५१ रुपये, घरपोच पाठवण्याचे चाळीस रुपये वेगळे. तिरंग्याच्या रंगांनी नटलेल्या पानभर जाहिराती वृत्तपत्रांत झळकल्या होत्या. मेक इन इंडिया, डिजिटल इंडिया यांचा जयघोष होता. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रिकर येणार असल्याचे सांगण्यात आले होते. ते आले नाहीत. ज्येष्ठ भाजप नेते मुरली मनोहर जोशी यांच्या हस्ते अनावरण पार पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता नोंदणी सुरू झाली आणि कंपनीचे संकेतस्थळ कोसळले. पत्रकारांना दिलेल्या नमुना फोनवर पांढरी शाई फासलेली होती. ती खरवडल्यावर खाली ‘ॲडकॉम’ हे दुसऱ्याच कंपनीचे नाव निघाले. आपण हे फोन रिंगिंग बेल्सला प्रत्येकी ३,६०० रुपयांना विकले होते, असे त्या कंपनीने नंतर जाहीर केले. एवढ्या किमतीत फोन बनूच शकत नाही, अशी तक्रार मोबाइल उत्पादकांच्या संघटनेने दूरसंचारमंत्र्यांकडे केली. मुंबईचे तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या यांनी हा सरळसरळ फसवणुकीचा प्रकार असल्याचे म्हटले आणि मार्चमध्ये नोएडा पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. नोंदणी करणाऱ्यांची संख्या सात कोटींच्या वर गेल्याचा कंपनीचा दावा होता. पहिल्या तीसेक हजार ग्राहकांनी भरलेले पैसे परत केल्याचेही कंपनीने सांगितले. ३० जूनपर्यंत लाखो फोन पोहोचवण्याची घोषणा होती. त्या घोषणेप्रमाणे फोन कधीच पोहोचले नाहीत. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये एका वितरकाने फसवणुकीची तक्रार केल्यावर कंपनीच्या संचालकाला गाझियाबाद पोलिसांनी अटक केली.

या प्रकरणाकडे आपण विनोद म्हणून पाहिले. समाजमाध्यमांवर हास्याचे फवारे उडाले. पण मला आजही त्या नोंदणी करणाऱ्यांचा विचार अस्वस्थ करतो. कंपनीचा आकडा फुगवलेला असेल, तरी लोक कोणत्या आशेने त्या संकेतस्थळावर गेले होते? ते मूर्ख नव्हते. २५१ रुपयांत फोन मिळत नाही, हे त्यांतील बहुतेकांना ठाऊक असणार. पण व्यासपीठावर मोठे नेते आहेत, जाहिरातीत तिरंगा आहे, पडद्यावर स्वच्छ भारतची खूण आहे. म्हणजे मागे सरकार असेल, सरकारचे अनुदान असेल, असे त्यांना वाटले. त्यांनी विश्वास कंपनीवर टाकला नव्हता, राज्यसंस्थेवर टाकला होता.

तसा विश्वास टाकण्याची सवय एका पक्षाच्या राजवटीत लागलेली नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत ‘आकाश’ टॅबलेटचे अनावरण केले, तेव्हा ‘जगातील सर्वांत स्वस्त’ हेच विशेषण होते. विद्यार्थ्यांच्या हाती पडलेल्या त्या पहिल्या यंत्राचा पडदा बोटाला नीट दाद देत नसे आणि बॅटरी तीन तासांत मान टाकत असे. वर्षभराने राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ आला. खुल्या बाजारातील त्याच्या भावंडासाठी लाखो लोकांनी नोंदणी केली आणि अनेकांची वाट पाहण्यातच वर्षे गेली. आज ‘आकाश’ हा शब्द काढला, तर तेव्हाचे विद्यार्थी हसतात.

मारुतीची आठवण

राजधानीच्या या परिसराला अशा वचनांचा जुना वारसा आहे. संजय गांधी यांच्या स्वस्त ‘जनतेच्या मोटारी’साठी १९७० च्या दशकाच्या आरंभी गुडगावजवळ शेतजमीन संपादित झाली, विक्रेत्यांकडून अनामत रकमा घेतल्या गेल्या आणि मोटार काही बाजारात आली नाही. त्या व्यवहारांच्या चौकशीसाठी जनता सरकारला न्या. ए. सी. गुप्ता यांचा आयोग नेमावा लागला. व्यासपीठावरची सत्ता ही मालाच्या गुणवत्तेची हमी नसते, हा धडा देशाने तेव्हाच शिकायला हवा होता.

पण त्याच जागेवर त्याच नावाने दुसरी गोष्टही घडली. सरकारी मारुती उद्योगाने जपानच्या सुझुकीशी करार केला, लोकांकडून दहा-दहा हजार रुपये घेऊन नोंदणी केली आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मोटारीची किल्ली हरपाल सिंग या दिल्लीकराच्या हाती ठेवली. सिंग यांनी ती मोटार २०१० मध्ये मृत्यू येईपर्यंत विकली नाही. पहिल्या दिवशी घेतलेली वस्तू सत्तावीस वर्षे टिकली. दोन्ही वेळी नाव मारुतीच होते, दोन्ही वेळी सत्तेचा आशीर्वाद होता. फरक एवढाच, की दुसऱ्या खेपेस यंत्र तयार करणारे अभियंते होते, सिद्ध झालेले तंत्र होते आणि कारखाना खरोखर चालत होता.

आज नोएडातही हीच दोन चित्रे शेजारी शेजारी आहेत. सेक्टर ६३ मध्ये फ्रीडम २५१ ची कथा घडली. सेक्टर ८१ मध्ये सॅमसंगचा तो प्रचंड कारखाना उभा आहे, ज्याच्या विस्ताराचे उद्घाटन जुलै २०१८ मध्ये पंतप्रधान मोदी आणि दक्षिण कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष मून जे-इन यांनी केले. २०२३ मध्ये आयफोन १५ ची जगभर विक्री सुरू झाली, त्याच दिवशी भारतात जुळवलेले फोनही भारतातील दुकानांत होते. ही खरी कमाई आहे आणि तिचे श्रेय सरकारला दिले पाहिजे. म्हणूनच प्रश्न अधिक टोकदार होतो. फोन बनवणारा देश म्हणून आपण मोठे झालो. फोन विकत घेणारा नागरिक तेवढा मोठा झाला का?

थांबण्याची चैन

मी भाच्याला ‘थांब’ म्हणू शकतो, कारण त्याच्या खिशात चालता फोन आहे. थांबणे हीसुद्धा एक चैन आहे. मे २०२१ मध्ये अठरा ते चव्वेचाळीस वयोगटातील नागरिकांना लसीसाठी आधी ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानेच सरकारला खेड्यापाड्यांतील वस्तुस्थितीची आठवण करून दिली. आज पैसे देणे-घेणे, शिधापत्रिकेची पडताळणी, रोजगार हमीच्या कामावरची हजेरी, मुलांचा गृहपाठ, सगळे काही त्या काचेच्या तुकड्यातून जाते. ज्याच्याकडे तो नाही, त्याचे नागरिकत्व अर्धे राहते. अशा माणसाला २५१ रुपयांचे स्वप्न दाखवणे हा त्याच्या गरजेवर घातलेला दरोडा आहे, आणि त्या स्वप्नाच्या व्यासपीठावर बसणाऱ्याची जबाबदारी हार स्वीकारून संपत नाही.

कायदा आता पूर्वीसारखा दुबळा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्याला आहे. जी सोय विक्रीच्या दिवशी उपलब्ध नाही, तिची जाहिरात करताना ‘अद्याप उपलब्ध नाही’ हे तितक्याच मोठ्या अक्षरांत छापायला लावणे या अधिकारात सहज बसते. दुसरी गोष्ट दुरुस्तीची. कोणता फोन किती सहज दुरुस्त होतो हे सांगणारा निर्देशांक ठरवण्यासाठी केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये समिती नेमली. तिचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून प्रत्येक नव्या फोनवर बॅटरी आणि दुरुस्तीविषयीची माहितीपट्टी बंधनकारक झाली आहे, आणि विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे सॉफ्टवेअर सुधारणा देण्याचे बंधन कंपन्यांवर आले आहे. त्याच कंपन्या, तेच फोन. मग युरोपातील ग्राहकाला जे कायद्याने मिळते, ते नोएडात जुळवलेला फोन विकत घेणाऱ्या बुलंदशहरच्या किंवा बुलढाण्याच्या ग्राहकाला का मिळू नये?

तिसरी अपेक्षा राजकारण्यांकडून आहे आणि तिच्यासाठी कायदाही नको. ज्या खासगी वस्तूची तपासणी कोणत्याही सरकारी यंत्रणेने केलेली नाही, तिच्या अनावरणाला मंत्र्यांनी आणि ज्येष्ठ नेत्यांनी जाऊ नये. पर्रिकर त्या दिवशी का आले नाहीत, त्याच्या कारणात मी शिरत नाही. पण रिकाम्या राहिलेल्या त्या खुर्चीने इतर कोणाहीपेक्षा सार्वजनिक हिताची अधिक सेवा केली.

दोन दिवसांनी मी भाच्याला उत्तर दिले. तुझा फोन चालत असेल, तर दिवाळी जाऊ दे, डिसेंबर येऊ दे. तोवर नव्या फोनचे गुणदोष रांगेतल्यांनी तुझ्यासाठी शोधून ठेवलेले असतील. जाहिरातीतली कोणती वचने पेटीत आहेत आणि कोणती वाटेत आहेत, हेही कळेल. फोन बिघडला असेल, तर आजच घे. पण आज त्यात जे आहे तेवढ्याचेच पैसे देतो आहेस असे समजून घे. पुढे काही मिळाले, तर तो नफा समज.

त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘मामा, हे तुम्ही निवडणुकीच्या जाहीरनाम्यांबद्दलही दर वेळी असेच सांगता.’ मी त्याला नाही म्हणू शकलो नाही.